तिसऱ्या ‘तीर’च्या बाजूने

४ मार्च

‘तीर’ या व्हिडिओ गेमच्या पहिल्या दोन भागांवर जीव ओवाळून टाकलेल्या आणि तिसऱ्या भागाने तोंडघशी पाडलेल्या तमाम चाहत्यांनो,

म्हणजे तू. बाकीच्यांपर्यंत माझा आवाज पोचू नये याची चोख व्यवस्था तू चाहता मंडळाचा अध्यक्ष या नात्याने केलीच आहेस. मला ग्रुपमधून काढलंस, फोनवर ब्लॉक केलंस, तुझ्या दादाच्या फोनवरून बोलायला गेले तर “वहिनी, रेंज नाही” म्हणून ठेवून दिलास. मागे तुझ्या खोलीतला पंखा खडखडताना मला ऐकू येत होता. रेंज उत्तम होती. असो. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवातीची चार वाक्यं मी अहो-जाहोत लिहिली होती. मी तुला ‘भावोजी, तुम्ही’ म्हणायला लागले की घरातले सगळे स्वयंपाकघरात पळतात, हे आठवलं आणि खोडली.

आपलं गाऱ्हाणं एकच आहे, हे आधी मान्य करूया. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू दहावीत होतास. पहिल्याच आठवड्यात दुसरा कंट्रोलर माझ्या हातात देऊन म्हणालास, “वहिनी, स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘तीर सोड’ आलं की लाल बटण दाबायचं. विचार करत बसायचं नाही.” या घरात मला मिळालेलं ते पहिलं शिक्षण. त्यानंतर आपण दोघांनी किती बुरूज घेतले, किती लुटारू लोळवले! तुझे बाण हिरव्या पिसांचे, माझे पिवळ्या. मग तिसऱ्या भागाची वाट बघण्यात तुझं कॉलेज संपलं, लिफ्टदुरुस्तीची नोकरी लागली, तू परगावी गेलास. आणि आला तो तिसरा भाग! धनुर्धारी म्हातारा झालेला. हातात धनुष्याऐवजी वल्हं. एकेक प्रवासी नावेत बसतो, नाव नदीच्या मध्यावर येते, लाल अक्षरं येतात, आपण बटण दाबतो आणि प्रवासी कमरेएवढ्या पाण्यात उतरून, गाठोडं डोक्यावर धरून आपल्याकडे बघत उभा राहतो. मग पुढचा प्रवासी. सगळे संपले की म्हातारा एकटाच नावेत बसलेला, पडदा राखाडी, समाप्त. “ज्या खेळाचं नाव तीर, त्यात एकही तीर नाही!” हे तुझं वाक्य आता मंडळाची घोषणा झालं आहे. वाक्य चांगलं आहे. मी शिकवलेलं वक्तृत्व माझ्यावरच उलटलं.

पण तेवीस तारखेच्या सभेत तू जे करायला निघाला आहेस ते मला मान्य नाही. तिसरा भाग बाजारातून मागे घ्यावा, नाव आणि नदी काढून टाकावी, धनुष्य परत द्यावं, असं मागणीपत्र तू मताला टाकणार. खेळ बनवणाऱ्या त्या दोघी बहिणी आणि त्यांची चार माणसं इतकी खचली आहेत की मत विरुद्ध गेलं तर नदी पुसून टाकू, असं त्यांनी लिहून दिलंय. अर्धं मंडळ हात वर करण्याआधी तुझ्या तोंडाकडे बघतं. म्हणजे त्या नदीचा जीव तुझ्या हातात आहे. म्हणून माझी मागणी सरळ आहे: मागणीपत्र मागे घे.

का? ऐक. वीजबिलाच्या खिडकीत बसून आणि कर्मचारी संघटनेच्या व्यासपीठावर उभं राहून मी एक गोष्ट शिकले आहे. लोकांना गोड वाटेल ते सांगणारे पुष्कळ असतात. ‘तीर तीन’ने आपल्याला गोड वाटेल ते सांगितलं नाही. त्याने सांगितलं की तारुण्यात ज्याने दिसेल त्यावर बाण सोडला, त्याच्यासोबत म्हातारपणी कोणीही काठापर्यंत येत नाही. सगळे मध्येच उतरतात. जगातल्या मोठमोठ्या शोकांतिका मी वाचल्या आहेत, पण कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या गाठोडेवाल्या बाईइतकी मुकी शोकांतिका मी पाहिली नाही! तिला तू ‘बिघाड’ म्हणतोस?

ता. क. मंडळाच्या वार्षिक सभेत मी तुला माकड म्हणाले होते. तो शब्द मागे घेते. ‘बटणदाब्या’ कायम. आणि तुझ्या मागणीपत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत. अध्यक्षाला शोभत नाही. दुरुस्त करून प्रत सोबत जोडली आहे.

वहिनी

१० मार्च

प्रिय बटणदाब्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ! “नदीत उतरवलेली माणसं बघून तुला तत्त्वज्ञान सुचतं, मला त्यांची दया येते.”

लागलं. आता लागलं हे कबूल करून पुढे जाऊ.

खेळात दोष आहेत. नसतील तर मी वकील कसली? ते बदक नावेच्या टोकाला अडकतं आणि शेवटपर्यंत तिथंच पोहत राहतं. वल्ह्याचा आवाज ओली चप्पल घालून कोणी चाललंय असा येतो. म्हाताऱ्याची दाढी कधी पांढरी, कधी निळी. हे सगळं मान्य. पण दाढी निळी आहे म्हणून माणूस पुसून टाकायचा नसतो.

“खेळ खेळासारखा असावा” असं तू सभेत म्हणाला होतास. कोणी ठरवलं? पहिल्या दोन भागांवर आपण खूष होतो, म्हणून तिसऱ्याने जन्मभर आपल्याला खूष ठेवायचं, ही जबरदस्ती आहे. मी हेच सगळं सविस्तर लेखात मांडलं आणि संघटनेच्या पत्रिकेत छापायला दिलं. शीर्षक: ‘मध्यावर उतरणारी माणसं’. सेक्रेटरींनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “ताई, यात बदल्यांबद्दल कुठे आहे?” मी म्हटलं, “सगळंच बदल्यांबद्दल आहे.” ते घाबरून गेले आणि छापलं.

ज्या बहिणींनी खेळ केला त्यांना पत्रकारांनी विचारलं, एवढी टीका होते, तुमचं म्हणणं काय? त्या एवढंच म्हणाल्या, “पलीकडे जाऊन बघा.” तू त्याला उद्धटपणा म्हटलंस. मी माझ्या लेखात त्याचा अर्थ ‘वरवरच्या पलीकडे’ असा लावून दीड पान लिहिलं आहे.

तुझा दादा तटस्थ आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, “मी चष्म्याचं दुकान चालवतो. मला दोन्ही डोळे सारखे.” आई म्हणतात, “दोघं भांडताय कशावर? टीव्हीवर?” त्यांना तू रोज ‘ठीक’ असा मेसेज पाठवतोस. एकच शब्द. तो त्या मोठ्याने वाचून दाखवतात आणि विचारतात, “ठीक म्हणजे जेवला का नाही?”

रविवारी संध्याकाळी मी दुसरा कंट्रोलर चार्ज करून ठेवते. बॅटरी खराब होऊ नये म्हणून. दुसरं काही नाही.

मागणीपत्र मागे घे.

वहिनी

१५ मार्च

अरे!

आधी बस. बसलास का? आता खेळ लाव. नको, आधी पत्र वाच, कारण मी हे सगळं पोटात ठेवून आज ऑफिसात कसा दिवस काढला ते माझं मला माहीत.

काल दादाने आईंसाठी नवा चष्मा करून आणला. जुना त्यांनी डब्याच्या झाकणाखाली चिरडला, त्याची गोष्ट वेगळी. मी सोफ्यावर बसून खेळत होते. मंडळाला उत्तर द्यायचं तर सगळे संवाद तोंडपाठ हवेत, म्हणून. गाठोडेवाली बाई नावेत बसली होती. दादाने आईंना टीव्हीसमोर उभं केलं आणि म्हणाला, “आई, ती लाल अक्षरं वाच. लांबचं नीट दिसतंय का ते कळेल.”

आईंनी एकेका अक्षरावर बोट रोखून वाचलं. “ती. री. सोड.”

“‘तीर सोड’ आहे ते, आई,” मी म्हणाले.

“तीरी.”

“तीर.”

“आई, काच बदलू का?” दादा म्हणाला.

“काच बरोबर आहे. हिचे डोळे तपास. ‘र’ला वेलांटी आहे. दुसरी.”

मी उठले. टीव्हीला नाक टेकवलं. अरे, आहे! ‘र’च्या डोक्यावर, मुंगीच्या मिशीएवढी, पण आहे! वेलांटी! पहिल्या दोन भागांत ‘तीर सोड’. याच जागी, याच रंगात, याच आकारात. आणि तिसऱ्यात ‘तीरी सोड’! काठावर सोड! ती बाई बोलतेय ते. मला पलीकडच्या तीरी नेऊन सोड, असं ती बिचारी सांगतेय आणि आपण बोटांच्या सवयीने तिला भर नदीत ढकलून देतोय!

“मग बाईला मध्येच काय उतरवतेस?” आई म्हणाल्या. “गाठोडं भिजलं तिचं! आण इकडे ते.”

त्यांनी कंट्रोलर माझ्या हातातून काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. उलटा धरला होता, दादाने सुलटा करून दिला. मी म्हटलं, “आई, पण लाल बटण...”

“गप्प बस. मी शाळेची व्हॅन चालवलीय. पोराला फाटकाशी उतरवलं म्हणजे सोडलं होत नाही. घराचं दार उघडलं, कोणीतरी हाताला धरून आत घेतलं, मग सोडलं. किती आया मला शिव्या देऊन गेल्या असत्या, तुझ्यासारखं करत बसले असते तर!”

आणि त्या वल्हवत राहिल्या. लाल अक्षरं तशीच. नदी संपता संपेना. आपण कधी मध्याच्या पुढे गेलोच नाही ना, म्हणून आपल्याला वाटत होतं की नदी तेवढीच! थोड्या वेळाने ती बाई बोलायला लागली. नवऱ्याबद्दल, गाठोड्यात काय आहे त्याबद्दल. आपल्याशी ती कधी बोलली नव्हती, कारण आपण तिला बोलायला वेळच दिला नव्हता. आई तिला उत्तरं देत होत्या. “हो का? मग? अगं बाई!” मध्येच बदकाला म्हणाल्या, “तू पण चल.”

नाव पलीकडे लागली, आईंनी लाल बटण दाबलं, बाई उतरली. आणि पडदा उघडला. अरे तिरंदाजा, अर्धा खेळ पलीकडे आहे! गाव आहे, गल्ल्या आहेत, घरं आहेत. आणि तू म्हणतोस तीर नाहीत? आपण दोन भागांत सोडलेला प्रत्येक चुकलेला तीर तिकडे जाऊन पडलाय! खेळाने आपला जुना खेळ लक्षात ठेवलाय. झाडात रुतलेले, छपरात, विहिरीच्या रहाटात. माझ्या एका पिवळ्या पिसांच्या बाणावर कोणीतरी टॉवेल वाळत घातलाय. तुझ्या हिरव्या बाणांच्या तर परसातल्या वेलीला काठ्या केल्यात. आणि पुलावर लुटारूंच्या नाईकावर नेम धरून तू जो सोडला होतास, जो स्क्रीनच्या बाहेर गेला आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास, तो एका घराच्या दाराच्या चौकटीत रुतलाय. घरवालीने त्यावर कंदील टांगलाय.

“हा कोणाचा?” आईंनी विचारलं.

“तुमच्या धाकट्याचा.”

“नेम कधी नव्हताच त्याला,” म्हणाल्या. पण मग त्या कंदिलापासून नाव वळवेनात.

शेवटचा प्रवासी म्हणजे तोच लुटारूंचा नाईक, आपण त्याला सगळ्यांत आनंदाने पाण्यात उतरवायचो. त्याला घरी सोडलं की दार कोण उघडतं ते मी सांगणार नाही. पडदा राखाडी होत नाही, एवढं सांगते. दादा, जो तटस्थ आहे, तो ‘काचा पुसायच्यात’ म्हणून दुसऱ्या खोलीत गेला.

आता माझी अवस्था ऐक. ‘मध्यावर उतरणारी माणसं’ छापून झालाय. बिलाच्या खिडकीत लोक मला थांबवून सांगतायत, काय खोल लिहिलंय ताई. दीड पान! ‘पलीकडे जाऊन बघा’ याचा अर्थ पलीकडे जाऊन बघा एवढाच होता आणि मी त्यावर दीड पान तत्त्वज्ञान पाजळलं. तुझ्या अकरा चुका काढणारी मी, एक वेलांटी मला दिसली नाही. तू खेळ वाईट म्हणालास, मी थोर म्हणाले, आणि दोघांनीही तो खेळलाच नव्हता!

लाव खेळ. बोट बटणावरून उचल आणि वल्हव.

वहिनी

२० मार्च

प्रिय तिरंदाज,

चार पानांचं पत्र! त्यातलं “मी बराच वेळ नुसता बसून राहिलो” हे वाक्य तू खोडलं आहेस, पण तुझ्या पेनाची शाई पातळ आहे, वाचता येतं.

तुझा मुद्दा मला पटला, अर्धा. जे वाक्य मंडळातल्या एकालाही नीट वाचता आलं नाही, त्यात लिहिणाऱ्याचाही दोष असतो. बरोबर. वर्षानुवर्षं ज्या जागी ‘तीर सोड’ वाचायची सवय लावली, तिथेच एवढीशी वेलांटी ठेवून देणं ही खोडी आहे, आणि खोडी जरा जास्तच सफाईदार झाली. तर मग मागणी काय व्हायला हवी? अक्षर मोठं करा, ही! नदी पुसा, ही नव्हे. त्या बहिणींना मी तसं लिहिलंय. धाकटीचं उत्तर आलं: “कोणीतरी पोचलं. आम्ही दोघी रडलो. बदकाचं काय करावं कळत नाही.” मी कळवलं, बदक राहू दे.

पण तुझा दुसरा मुद्दा अजिबात पटला नाही. “आता सभेत काय सांगू? अध्यक्षाला वेलांटी दिसली नाही म्हणून? जन्मभर हसतील. त्यापेक्षा मत होऊन जाऊ दे.” म्हणजे तू पलीकडे जाऊन आलास, दार उघडताना पाहिलंस, आणि आता आपलं हसं होऊ नये म्हणून ती दारं पुसायला हात वर करणार? भावोजी, हे तुम्ही लिहिलंत? (पाहिलंस? अहो-जाहो आलं. स्वयंपाकघर जवळ असेल तर पळ.)

हसण्याचं मला विचार. काल संघटनेच्या सभेत उभी राहिले आणि सांगून टाकलं: मित्रहो, माझा लेख तुम्हाला आवडला, पण तो चूक आहे, आणि का चूक आहे ते असं. वेलांटी फळ्यावर काढून दाखवली. सेक्रेटरींचा चहा नाकातून बाहेर आला. मागच्या रांगेतले लाइनमन बाकावर हात आपटत होते. आता मला सगळे वेलांटीताई म्हणतात. खिडकीवर बिल भरायला आलेल्या एका आजोबांनी सुट्टे देता देता विचारलं, “बाई, नीट वाचलंत ना?” आणि तुला सांगते, इतक्या वर्षांत मी बदल्यांवर, पगारावर, पंख्यांवर भाषणं ठोकली, पण सभा संपल्यावर लोक घरी जायचं सोडून माझ्याभोवती उभे राहिले ते कालच. दोघांनी खेळ विकत घेतला. एक तर मुलीच्या सासूसाठी. म्हणे, तिला पहिले दोन भाग माहीत नाहीत, ती जिंकेल.

हसतील. हसू दे. तुझ्यावर हसताना प्रत्येकाच्या लक्षात येईल की आपणही तेच केलंय. मंडळातल्या कोणीही त्या बाईला घरी पोचवलेलं नाही. तुझ्यासारखा एकटा माणूस हास्यास्पद होतो. सगळं मंडळ एकदम झालं की ती जत्रा होते!

आता नियोजन. मी, आई आणि तुझा तटस्थ दादा रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. सभेत विरोधी बाजूने बोलायला मंडळाने मला बोलावलंय, हे तुला माहीत असेलच, पत्रावर तू मुद्दाम सही टाळलीस, त्यावरूनच मी ओळखलं. मी बोलणार नाही. हो, मी. पहिल्या रांगेत बसेन, तोंड मिटून. दादा म्हणतो हे बघायला तो तिकिटाचे पैसे वेगळे द्यायला तयार आहे. आईंना मंचावर बसवायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “त्याने बोलावलं तर बसेन. नाहीतर तुझ्याशेजारी बसते आणि ठीक म्हणते.”

तेव्हा भाषण नको, माफी नको, माझ्याशी आधी बोलायलाही नको. तुझं मागणीपत्र टेबलावर असू दे. मोठा पडदा लाव, गाठोडेवाल्या बाईला नावेत बसव, आणि मत पुकारण्याआधी, सगळ्या मंडळासमोर, आईला वर बोलावून कंट्रोलर तिच्या हातात दे.

वहिनी